एका नावाची दुरुस्ती

सैनिकाच्या घरात एक लोखंडी पेटी असते. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, नाव आणि पलटण लिहिलेली असते. आमच्याही घरी अशी एक पेटी आहे. आजोबा वारल्यावर ती पुष्कळ वर्षे माळ्यावरच राहिली. गेल्या काही वर्षांत ती अनेकदा खाली काढावी लागली, कारण आजीच्या हक्काचे कुटुंब निवृत्तिवेतन त्या पेटीतल्या एका पुस्तकातील एका शब्दावर अडले होते. तो शब्द म्हणजे तिचे स्वतःचे नाव.

या निमित्ताने मला जे वाचावे, विचारावे व समजून घ्यावे लागले, ते मी येथे मांडत आहे. हा आमच्याच घरचा प्रश्न असता तर त्यासाठी वार्षिकाची पाने अडवली नसती. पण उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात फौजेतून सुटून आलेल्यांची कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. अंबरनाथला १९५० च्या दशकात संरक्षण खात्याचे कारखाने उभे राहिले आणि लष्करातून निवृत्त झालेल्या अनेकांनी तेथे दुसरी नोकरी धरली. आपल्या वर्गात बसणाऱ्या काहींच्या घरीही अशी पेटी असेलच.

सुटकेचा कागद म्हणजे काय?

लष्कराच्या नोकरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जवानाला एक प्रमाणपत्र मिळते. १९५० च्या लष्कर कायद्याचे तेविसावे कलम सांगते, की हे प्रमाणपत्र जवानाच्या मातृभाषेत आणि इंग्रजीतही द्यावे. नोकरी कोणाच्या अधिकाराने संपली, कोणत्या कारणाने संपली आणि एकूण किती काळ झाली, या तीन गोष्टी त्यात असाव्यात. मराठीच्या विद्यार्थ्याला या कलमाचे अप्रूप वाटावे. शेतकऱ्याच्या घरातून गेलेल्या शिपायाला आपल्याविषयी काय लिहिले आहे ते आपल्या भाषेत वाचता आले पाहिजे, हे कायद्याने मान्य केलेले आहे.

या प्रमाणपत्राबरोबर जे पुस्तक मिळते त्याला घरोघरी ‘डिस्चार्ज बुक’ म्हणतात. त्यात जन्मतारीख, भरतीची व सुटकेची तारीख, हुद्दा, पदके, वर्तणुकीचा शेरा आणि कुटुंबाची माहिती असते. परंतु हे पुस्तक म्हणजे मूळ नोंद नव्हे, ती नोंदीची प्रत आहे. मूळ नोंद त्या त्या पलटणीच्या किंवा दलाच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तर सिग्नल्सचे जबलपूरला आहे. तेव्हा दुरुस्ती करायची ती तेथे. घरातल्या पुस्तकात कोणी सुशिक्षित नातेवाइकाने पेनाने खाडाखोड केली, तर दुरुस्ती होत नाहीच, उलट पुस्तकच संशयास्पद ठरते.

तिसरा कागद म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, ज्याला सगळे ‘पीपीओ’ म्हणतात. रेकॉर्ड ऑफिसने पाठवलेल्या माहितीवरून लष्कराच्या बाबतीत तो प्रयागराजच्या लेखा कार्यालयातून निघतो. थोडक्यात, मूळ नोंद, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ ही तीन भावंडे आहेत. तिघांत एकवाक्यता असेल तर विधवेचे काम लवकर होते. नसेल तर काय होते ते आमच्या आजीने पाहिले.

दोन नावांची एक बाई

आजोबा पंधरा वर्षांहून थोडी अधिक नोकरी करून पेन्शनीवर आले आणि पुढे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले. तेथूनही निवृत्त झाले. ते वारले तेव्हाच्या नियमाप्रमाणे अशा पुनर्नियुक्त सैनिकाच्या कुटुंबाला दोन कुटुंब निवृत्तिवेतने मिळत नसत. लष्कराचे किंवा नागरी नोकरीचे, यांपैकी एकच मिळे. आजीला कारखान्याच्या नोकरीचे मिळू लागले. लष्कराचा विषय घरात संपला.

२४ सप्टेंबर २०१२ पासून हा नियम बदलला. पुनर्नियुक्त सैनिकाच्या कुटुंबाला दोन्ही निवृत्तिवेतने घेण्याची मुभा मिळाली, आणि पूर्वी वारलेल्यांच्या कुटुंबांनाही त्या तारखेपासून लाभ देण्याचे ठरले. आमच्या घरी ही गोष्ट कळायला पुष्कळ वर्षे लागली. वर्तमानपत्र रोज येत होते, पण आपल्याशी संबंधित ओळ कोणती हे सांगणारे कोणी नव्हते. बदलापूरच्या एका निवृत्त सुभेदारांनी एका लग्नात सहज विचारले, “काकूंना दोन्ही चालू आहेत ना?” तेव्हा आम्ही जागे झालो.

अर्ज केला आणि अडचण पुढे आली. लष्कराच्या नोंदीत पत्नी म्हणून जे नाव होते, ते आजीचे माहेरचे नाव होते. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, कारखान्याचे कागद, आजोबांचा मृत्यूचा दाखला, सर्वत्र सासरचे नाव. आपल्याकडे लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो. पेढे वाटले जातात, टाळ्या होतात आणि वीस वर्षे ज्या नावाने मुलगी हाकेला ओ देत होती ते नाव त्या दिवशी संपते. तांदूळ गोळा करून ठेवले जातात. कागद मात्र कोणीच करत नाही.

मग लष्कराच्या नोंदीत माहेरचे नाव गेले कसे? याचे उत्तर पेटीतच सापडले. आजोबांनी लग्नाच्या रजेसाठी लग्नपत्रिका जोडली होती आणि तिची एक प्रत जपूनही ठेवली होती. पत्रिकेत मुलीचे माहेरचेच नाव असणार. पलटणीतल्या कारकुनाने ते पाहून लिहिले असावे. त्याची त्यात चूक नव्हती. पत्रिका छापली तेव्हा नवे नाव ठरलेलेच नव्हते. पुढे नोंद बदलून घ्यायला हवी होती, ते आजोबांनी केले नाही. त्यांच्या हयातीत एक अर्ज आणि एक सही पुरली असती.

‘बदल’ आणि ‘दुरुस्ती’

आमचा पहिला अर्ज परत आला. दोष आमचाच होता. आम्ही विषयात लिहिले होते, ‘नावात बदल करण्याबाबत’. त्यावर साहजिकच विचारणा झाली, की नाव केव्हा बदलले आणि राजपत्रातील जाहिरात कोठे आहे? शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात देता येते, हे खरे. पण ती आज बदललेल्या नावासाठी उपयोगी. आजीने आज काहीच बदललेले नव्हते. सुभेदार काकांनी फरक समजावून दिला. ते म्हणाले, “काकूंनी नाव बदललेलं नाही. एकाच बाईची दोन नावं आहेत, एवढंच सिद्ध करायचंय. बदल मागू नका, ओळख पटवा.”

मला वाटते, या सगळ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच. सरकारी कागदातील दुरुस्ती म्हणजे नवी गोष्ट घडवणे नव्हे. जे पूर्वीपासून खरे होते ते कागदाने आता मान्य करणे, एवढाच तिचा अर्थ. म्हणून पुरावाही जुना लागतो.

पुराव्याची पायरी समजून घेण्यासारखी आहे. प्रतिज्ञापत्र सर्वांना ठाऊक असते, पण त्यात माणूस स्वतःच स्वतःबद्दल सांगत असतो आणि तेही काम अडल्यानंतर. त्यामुळे केवळ त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. शेजाऱ्यांचे, सरपंचांचे किंवा नगरसेवकाचे दाखले त्याला आधार देतात. परंतु खरे वजन असते ते तंटा किंवा गरज निर्माण होण्यापूर्वी, दुसऱ्याच कामासाठी झालेल्या कागदाला. शाळेचा दाखला, जुने रेशनकार्ड, मतदारयादी, जमिनीचा फेरफार हे असे कागद होत.

आजी शाळेत गेलेली नव्हती. रेशनकार्डावर सासरचेच नाव. तिच्या माहेरी गेलो तेव्हा भाच्याने कपाटातून एक नोंदणीकृत हक्कसोडपत्र काढून दिले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारसा मिळाला. आजीचे वडील वारल्यावर वारस म्हणून तिचेही नाव लागले आणि काही दिवसांतच, गावोगाव घडते त्याप्रमाणे, भावांच्या नावे हक्क सोडल्याचा कागद तिच्याकडून झाला. त्या कागदात लेखनिकाने नीट लिहिले होते: माहेरचे नाव, ऊर्फ सासरचे नाव, आणि पुढे ‘भ्रतार’ म्हणून आजोबांचे पूर्ण नाव. खाली आजीचा अंगठा आणि निबंधकाची मोहोर.

दुसऱ्या कोणत्याही कागदावर ही तिन्ही नावे एकत्र नव्हती. ज्या कागदाने आजीने एक हक्क सोडला होता, त्याच कागदाने तिचा दुसरा हक्क उभा राहिला. घरात यावर कोणी फार बोलले नाही. आजी एवढेच म्हणाली, “तेव्हा अंगठा दे म्हणाले, दिला. काय लिहिलंय ते आज कळलं.”

उल्हासनगरचा धडा

प्रतिज्ञापत्र करायला आम्ही उल्हासनगरला गेलो. टंकलेखकाने सवयीने विचारले, “आजी, नाव सांगा.” आजी माझ्याकडे पाहू लागली. “कोणतं सांगू?” ती म्हणाली. टंकलेखक हसला नाही. “दोन्ही सांगा. मधे ऊर्फ घालू,” असे म्हणून त्याने कागद चढवला.

त्या गावात असे प्रसंग नवीन नसावेत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची जी छावणी होती, तिच्याच बराकींत १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगतात. घरे, दुकाने, जमिनी मागे टाकून आलेल्या या लोकांपैकी अनेकांजवळ कागदपत्रे नव्हती. विस्थापितांच्या स्थावर मिळकतीचे दावे तपासण्यासाठी १९५० मध्ये कायदा झाला आणि १९५४ मध्ये भरपाई व पुनर्वसनाचा कायदा झाला. कागद हरवला म्हणून माणसाचा हक्क हरवत नाही, शपथ, साक्ष आणि पडताळणी यांतून तो पुन्हा उभा करता येतो, या तत्त्वावरच हे सारे शहर वसले आहे. सैनिकाच्या विधवेचा अर्जही याच तत्त्वावर चालतो.

प्रतिज्ञापत्र, हक्कसोडपत्राची प्रमाणित प्रत, लग्नपत्रिका, मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुक व पीपीओ यांच्या प्रती असा संच ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे गेला. ही वाट लक्षात ठेवण्यासारखी आहे. परस्पर पाठवलेल्या अर्जापेक्षा या कार्यालयामार्फत गेलेल्या अर्जात त्रुटी कमी राहतात. नोंद मान्य झाली की रेकॉर्ड ऑफिस ‘पार्ट टू ऑर्डर’ काढते, आणि तिच्या आधारे सुधारित पीपीओ निघतो. अलीकडे हे काम ‘स्पर्श’ नावाच्या संगणकीय व्यवस्थेतून होते. आपल्या नोंदीत नेमके काय आहे हेच माहीत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली ते विचारता येते. खरे तर पहिली पायरी हीच असावी.

शेरा चुकीचा असेल तर

चूक नेहमी नावाचीच असते असे नाही. कधी सेवेचा काळ कमी मोजलेला असतो. जवानाला सेवा निवृत्तिवेतनासाठी साधारणतः पंधरा वर्षांची नोकरी लागते, म्हणून काही महिन्यांचा फरकही आयुष्याचा फरक ठरतो. कधी सुटकेचे कारण वादग्रस्त असते. आजारी पडून सुटलेल्या जवानाच्या कागदावर ‘आजाराचा नोकरीशी संबंध नाही’ असा शेरा असतो. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असे सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो आजार नोकरीमुळे उद्भवला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे दाखवण्याची जबाबदारी सरकारची राहील.

काही वेळा तर इतिहासच शेऱ्याचा अर्थ बदलतो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या ठाण्यावर खलाशांनी बंड पुकारले. बंड मिटल्यावर अनेकांना नोकरीतून काढून टाकण्यात आले. सरकारी दप्तरी ते बेशिस्त ठरले. स्वतंत्र भारताच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन योजनेने मात्र या उठावाला स्वातंत्र्यचळवळीचा भाग मानले. जो कागद एकेकाळी लपवावासा वाटला असेल, तोच पुढे अभिमानाने दाखवण्याचा झाला. कागद तोच, वाचणारे राज्य बदलले.

शेऱ्यासंबंधीचा वाद कार्यालयात सुटला नाही, तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. खर्चाच्या भीतीने पुष्कळ विधवा तेथवर जात नाहीत. परंतु १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी खास साहाय्य योजनाही सुरू केली.

उशिराची किंमत

हक्क बुडत नाही, पण उशीर महाग पडतो. तरसेम सिंग हे १९८३ मध्ये लष्करातून वैद्यकीय कारणाने सुटले आणि निवृत्तिवेतनासाठी १९९९ मध्ये न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निर्णय दिला, की निवृत्तिवेतन न देणे ही दर महिन्याला नव्याने घडणारी चूक आहे, म्हणून उशीर झाला तरी दाद मागता येते. मात्र मागील थकबाकी साधारणपणे दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल. म्हणजे झोपेत गेलेली वर्षे बहुधा गेलीच.

दुसरी किंमत अधिक गंभीर आहे. ज्यांना निवृत्तिवेतन नाही अशा सैनिकांचे सेवापत्रक सुटकेनंतर पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. त्यानंतर ‘लाँग रोल’ नावाच्या नोंदवहीतली एक ओळ तेवढी उरते. चूक त्या ओळीत असेल तर ती कशाशी ताडून पाहायची? तेव्हा घरातले डिस्चार्ज बुक हाच आधार राहतो. अशा निवृत्तिवेतन नसलेल्या गरीब माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना वयाच्या पासष्टीनंतर केंद्राकडून निर्वाह अनुदान मिळू शकते. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ते दरमहा ४,००० वरून ८,००० रुपये झाले आहे. त्यासाठीही तेच पुस्तक लागते.

विधवेची जन्मतारीखही अशीच दुर्लक्षित राहते. सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या पगाराच्या ३० टक्के असते आणि २०१६ पासून ते दरमहा ९,००० रुपयांपेक्षा कमी नसते. त्यावर महागाई भत्ता वेगळा. वय ८० झाल्यावर त्यात २० टक्के, ८५ नंतर ३०, ९० नंतर ४०, ९५ नंतर ५० आणि शंभरी गाठल्यावर १०० टक्के वाढ आहे. पण नोंदीत जन्मतारीखच नसेल तर बाई कधी ऐंशीची होणार? आमच्या आजीच्या नोंदीत ती नव्हती. नावाची दुरुस्ती करताना तीही मागायला हवी होती, हे आम्हाला नंतर सुचले. तो अर्ज आता वेगळा केला आहे.

शेवटी थोडेसे

१७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, पूर्वी केलेल्या सेवेचे ते देणे आहे. हे वाक्य न्यायालयाच्या निकालात आहे, परंतु कार्यालयाच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईपर्यंत ते पोहोचलेले नसते. तिला वाटते, आपण काही तरी मागायला आलो आहोत. निकाल आणि बाक यांच्यामधले अंतर कमी करणे हे आपल्यासारख्या चार बुके शिकलेल्यांचे काम आहे. त्याला वकिली लागत नाही. अर्ज नीट वाचता येणे, विषयाच्या ओळीत ‘बदल’ लिहायचे की ‘दुरुस्ती’ हे समजणे आणि पुन्हा एकदा ठाण्याला जाण्याची तयारी असणे एवढे पुरते.

म्हणून माझी विनंती आहे. ज्यांचे आजोबा, वडील, काका फौजेत होते व आज हयात आहेत, त्यांनी या सुट्टीत ती पेटी उघडावी. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आधार कार्ड शेजारी ठेवून तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: पत्नीचे नाव, पत्नीची जन्मतारीख, सेवेचा काळ. फरक दिसला तर सैनिकाच्या सहीचा अर्ज आजच द्यावा. त्याची आजची एक सही उद्याच्या दहा दाखल्यांच्या तोडीची आहे.

आमच्या आजीचा सुधारित पीपीओ आला. लष्कराचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले. थकबाकीचा हिशेब आणि जन्मतारखेचा अर्ज अजून चालू आहेत. पत्र आले त्या दिवशी मी ते तिला वाचून दाखवले. त्यात दोन्ही नावे होती, मधे ‘ऊर्फ’. माहेरचे नाव कानावर पडताच ती थांबली आणि म्हणाली, “ते पहिलं नाव परत वाच.” भाऊ गेल्यापासून तिला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती.